डिझेल नावाचा माणूस

डिझेल म्हणजे काय असे विचारले तर तुम्ही लगेच सांगाल की तेल. ट्रकमध्ये घालतात, टेम्पोत घालतात, होडीच्या मशीनमध्ये घालतात. मलाही तसेच वाटायचे. पण आमच्या बाईंनी वर्गात सांगितले की डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे. तेव्हा सगळी मुलं हसली. मीपण हसलो. उद्या कोणी म्हणेल घासलेट हे पण माणसाचे नाव आहे! पण बाई खरेच सांगत होत्या. त्या माणसाचे नाव रुडॉल्फ डिझेल. पनवेलच्या पंपावर रोज किती तरी लोक त्याचे नाव घेतात आणि कुणालाच माहीत नसते की आपण एका माणसाला हाक मारतोय.

बाईंनी मला चार मोठे कागद दिले म्हणून हा लेख लांब झाला आहे. खालचे दोन कागद बसून वाचले तरी चालतील.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. पॅरिस फ्रान्स देशात आहे, पण त्याचे आईवडील जर्मनीतून पोटापाण्यासाठी तिथे गेलेले होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरात पैसा बेताचाच. रुडॉल्फ लहान असताना वडिलांनी बनवलेल्या वस्तू हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. वेळ मिळाला की तो एका संग्रहालयात जायचा. तिथे जुनी यंत्रे ठेवलेली होती. त्यात वाफेवर चालणारी एक फार जुनी तीन चाकी गाडी होती. ती तो बघत उभा राहायचा. अभ्यासातही तो हुशार होता. बारा वर्षांचा असताना त्याला कांस्यपदक मिळाले.

पण त्याच वर्षी, म्हणजे १८७० साली, फ्रान्स आणि जर्मन लोकांची लढाई सुरू झाली. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडून जायला सांगितले. रुडॉल्फच्या घरच्यांनी काय केले होते? काहीच नाही. तरी त्यांना सामान बांधून इंग्लंडला, लंडनला जावे लागले. तिथे खायचे हाल. मग आईने बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबर्ग नावाच्या गावी काकांकडे पाठवून दिले. मी अजून एकटा पनवेलच्या एस. टी. स्टँडपर्यंतसुद्धा गेलेलो नाही. आणि तो लढाई चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात एकटा गेला.

काका तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. रुडॉल्फ त्यांच्याकडे राहून शिकला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवले की मी इंजिनियर होणार. आईवडिलांचे म्हणणे, आता कमवायला लाग. त्यांचेही चुकले नाही, घरात पैसे नव्हते. पण रुडॉल्फला शिष्यवृत्ती मिळाली आणि १८७५ साली तो म्युनिक शहरातल्या मोठ्या कॉलेजात गेला. तिथे लिंडे नावाचे प्राध्यापक होते. बर्फ तयार करायची यंत्रे त्यांनी शोधून काढली होती. परीक्षेच्या वेळी रुडॉल्फला टायफॉइड झाला आणि परीक्षा चुकली. मग पुढची परीक्षा १८८० च्या जानेवारीत दिली आणि फार चांगल्या मार्कांनी पास झाला.

लिंडेसरांनी शिकवताना एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. वाफेच्या इंजिनात शंभर टोपल्या कोळसा जाळला तर त्यातल्या दहा टोपल्यांचेसुद्धा काम होत नाही. बाकीची सगळी उष्णता धुराड्यातून आणि इकडून तिकडून फुकट जाते. विचार करा, आईने शंभर भाकऱ्या थापल्या आणि नव्वद उकिरड्यावर टाकल्या तर घरात काय होईल! रुडॉल्फने ठरवले की असे इंजिन करायचे ज्यात फुकट कमी जाईल.

त्याच्या मनात अजून एक होते आणि मला ते फार आवडले. वाफेचे इंजिन फार मोठे असते. ते फक्त मोठ्या कारखानदाराला परवडते. मग लोहार, सुतार, विणकर अशा छोट्या माणसांनी काय करायचे? ते मोठ्या कारखान्यापुढे टिकत नाहीत. त्यांचा धंदा बसतो आणि मग त्याच कारखान्यात ते मजूर म्हणून जातात. म्हणून रुडॉल्फला छोट्या कारागिराला घेता येईल असे इंजिन करायचे होते. त्याचे वडील पण कारागीरच होते ना.

पुढे तो लिंडेसरांच्या बर्फाच्या कंपनीत कामाला लागला. १८८३ साली त्याचे लग्न झाले. बायकोचे नाव मार्था. त्यांना तीन मुले झाली. नोकरी चांगली होती, पण हा माणूस रिकाम्या वेळात इंजिनच करत बसायचा. आधी त्याने वाफेऐवजी अमोनिया वापरून इंजिन केले. त्याचा मोठा स्फोट झाला. तो मरता मरता वाचला. कितीतरी दिवस दवाखान्यात होता आणि डोळे पण अधू झाले. दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता.

आता इंजिनाची युक्ती सांगतो. हे नीट वाचा, मला पण दोनदा वाचावे लागले.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाला खालच्या बाजूला हात लावून बघा. पंप गरम लागतो. घासल्यामुळे थोडा गरम होतो, पण जास्त गरम होतो तो हवा दाबल्यामुळे. हवा कोंडून जोरात दाबली की तापते. डिझेलने हेच धरले. सिलिंडर म्हणजे एक लोखंडी नळा. त्यात वरखाली होणारा दट्ट्या असतो. दट्ट्या वर जातो आणि हवा दाबून दाबून तिच्या पंधराव्या-विसाव्या भागाएवढ्या जागेत कोंबतो. हवा इतकी तापते, पाचशे अंशांच्या वर, की त्यात तेलाचा बारीक फवारा सोडला की तेल आपोआप पेट घेते. काडी नको, ठिणगी नको. मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. तो डिझेलच्या इंजिनात नसतोच. तेल पेटले की गरम वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतो आणि त्याने चाक फिरते. एवढीच युक्ती.

पण सांगायला सोपी आहे, करायला नाही. १८९३ साली त्याला या युक्तीचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे ही कल्पना याची आहे असा सरकारी कागद. ऑग्सबर्गच्या कारखान्याने आणि क्रुप नावाच्या मोठ्या कारखानदाराने पैसे दिले. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्यांदा इंजिन चालवून बघितले. तेल पेटले खरे, पण दाब मोजायचे उपकरण धाडकन फुटले आणि तुकडे डोक्याजवळून उडाले. तरी डिझेलला आनंद झाला, कारण हवा दाबून तेल पेटते हे तर दिसले. मग परत दुरुस्ती. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळाने चालले. किती वेळ? फक्त एक मिनिट. एका मिनिटात ८८ फेरे झाले आणि बंद पडले.

त्या एका मिनिटानंतर अजून तीन वर्षे लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत एका प्राध्यापकाने सगळ्यांसमोर इंजिन तपासले. ते इंजिन तीन मीटर उंच होते, म्हणजे आमच्या वर्गाच्या छताएवढे. त्याची ताकद सुमारे २० हॉर्सपॉवर होती. आणि शंभरातल्या २६ भाग उष्णतेचे काम होत होते. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. वर्तमानपत्रांत नाव आले. निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांनी इंजिन बनवायची परवानगी मागितली आणि त्यासाठी खूप पैसे दिले. हातगाडी ढकलणारा मुलगा लखपती झाला. म्युनिकला त्याने मोठा बंगला बांधला.

गंमत म्हणजे विकायचे पहिले इंजिन गेले ते केम्प्टन गावच्या काड्यापेटीच्या कारखान्यात. ज्या इंजिनाला काडी लागत नाही ते काड्या बनवायला! पण ही सुरुवातीची इंजिने सारखी बंद पडायची. लोक तक्रारी करायचे. डिझेल आजारी पडला, त्याचे डोके दुखायचे, झोप लागायची नाही. १९०० साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले. ज्या शहरातून त्याला लहानपणी जावे लागले तिथेच त्याच्या इंजिनाला सगळ्यात मोठे बक्षीस मिळाले. त्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले आणि बघणाऱ्यांना फरकसुद्धा कळला नाही. हे मी आईला सांगितले. आई म्हणाली की आपल्याला भाजीला पुरेना आणि ते इंजिनात ओततात.

आता ही गोष्ट मोठ्या इंजिनांची. कारागिरासाठी छोटे इंजिन करायचे होते, पण ते काही त्याच्या हातून झाले नाही. कारण एवढा दाब सहन करायला लोखंड जाड लागायचे आणि इंजिन जड व्हायचे. ते मोटारीत बसेना. मग जिथे जड असले तरी चालते तिथे ते गेले. कारखान्यात, वीज तयार करायला, आणि जहाजात.

पूर्वी समुद्रातल्या मोठ्या बोटी वाफेवर चालायच्या. बोटीच्या पोटात भट्ट्या असायच्या आणि आगवाले रात्रंदिवस फावड्याने कोळसा टाकत राहायचे. फार गरम व्हायचे तिथे. मुंबईहून जाणाऱ्या बोटींवर आपल्या कोकणातली माणसे खलाशी म्हणून जायची. १९१२ साली डेन्मार्क देशात सेलांडिया नावाचे जहाज तयार झाले. त्यात दोन डिझेल इंजिने होती, एकेक १२५० हॉर्सपॉवरचे. ते जहाज कोपनहेगनहून निघून पार बँकॉकपर्यंत गेले. त्याला धुराडेच नव्हते! लोकांना वाटायचे, हे जहाज चालते कसे? कोळसा नाही, भट्टी नाही, आगवाले नाहीत. धूर डोलकाठीतून वर सोडलेला होता.

मला वाटले, आता डिझेलचे दिवस चांगले आले असतील. पण नाही. त्याने पैसे तेलाच्या विहिरींत आणि जमिनींच्या व्यवहारात घातले होते. ते बुडाले. इंजिन करता येते म्हणून व्यवहार पण करता येतो असे नसते, असे माझे वडील म्हणाले. डोक्यावर कर्ज झाले. बंगला मोठा आणि तिजोरी रिकामी. हे त्याने घरात कुणाला नीट सांगितलेच नाही. मला त्याचा थोडा राग आला. मार्थाबाईंना सांगायला पाहिजे होते.

२९ सप्टेंबर १९१३ ला तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री मित्रांबरोबर जेवला. दहाच्या सुमारास झोपायला खोलीत गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवले. सकाळी उठवायला गेले तर खोलीत कोणीच नव्हते. अंथरूण तसेच होते, त्यावर कोणी झोपले नव्हते. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि कोट सापडला. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन त्यांनी प्रेत पुन्हा समुद्रात सोडून दिले. चष्म्याचे घर, चाकू, पाकीट. त्या वस्तू त्याच्या धाकट्या मुलाने, ऑयगेनने ओळखल्या. त्यावरून कळले. डिझेलचे वय तेव्हा ५५ होते.

तो तोल जाऊन पडला, की दुःखाने त्याने स्वतःच उडी घेतली, की कोणी ढकलले, यावर पुष्कळ लोकांनी लिहिले आहे. त्या तारखेपुढे त्याच्या वहीत एक फुली काढलेली होती असे सांगतात. मी हे वाचून झोपलो तर स्वप्नात समुद्र आला. आणि ती ड्रेस्डेन बोट वाफेवर चालणारी होती.

तो गेला पण इंजिन वाढतच गेले. १९२४ पासून ते ट्रकमध्ये बसू लागले. मग रेल्वेत आले. आपल्या देशात वाराणसीच्या कारखान्यात १९६४ साली पहिले डिझेल इंजिन रेल्वेसाठी तयार झाले, १६ सिलिंडरचे, २६०० हॉर्सपॉवरचे. आपल्या पनवेलहून रोह्याला आणि पुढे कोकणात जाणाऱ्या गाड्या आधी डिझेल इंजिनावरच धावायच्या. २०२२ साली सगळ्या कोकण रेल्वेवर विजेच्या तारा आल्या. कोलाडला १९९९ पासून मालगाडीवर अख्खे ट्रक चढवून नेतात. तेव्हा रेल्वेचे इंजिन डिझेलचे, वर बसलेल्या ट्रकांचे पण डिझेलचे. म्हणजे एक डिझेल दुसऱ्याला पाठीवर घेऊन जाई.

समुद्रात मुंबई हायला १९७४ साली तेल सापडले. तिथे तळाशी भोक पाडायचे यंत्रही डिझेल इंजिनाच्या विजेवर फिरते. त्यांना सामान न्यायच्या बोटी आपल्या पनवेल तालुक्यातल्या न्हाव्याहून सुटतात. त्या पण डिझेलवर. दवाखान्यात लाईट गेली की जो जनरेटर सुरू होतो तोही डिझेलच. ऑपरेशन अर्धे झालेले असताना लाईट गेली तर काय होईल याचा विचार करा.

आता जगातल्या मोठ्यात मोठ्या इंजिनांपैकी एकाची माहिती देतो. एम्मा मर्स्क नावाचे कंटेनरचे जहाज २००६ साली तयार झाले. त्याच्या इंजिनाला १४ सिलिंडर आहेत. इंजिनाची लांबी सुमारे २७ मीटर आणि उंची साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली घराएवढी. वजन २३०० टन. एक हत्ती पाच टनांचा धरला तर ४६० हत्ती! ताकद सुमारे १ लाख ९ हजार हॉर्सपॉवर. शेतावरच्या पंपाचे छोटे इंजिन पाच हॉर्सपॉवरचे असते. मी भागाकार केला. तशी जवळजवळ २१,८०० इंजिने लागतील. एका सिलिंडरची रुंदी ९६ सेंटिमीटर आहे आणि दट्ट्या अडीच मीटर वरखाली होतो. त्यात मी आणि माझा मित्र दोघे उभे राहू आणि वर अजून जागा उरेल. (चालू नसताना.)

मला वाटले होते, एवढे मोठे इंजिन म्हणजे भर्रकन फिरत असेल. पण ते मिनिटाला फक्त १०२ फेरे घेते. आमच्या आजोबांच्या होडीचे मशीन त्याच्यापेक्षा किती तरी जोरात फिरते. मोठे इंजिन सावकाश फिरते, पण त्याला मधे दात्यांची चाके लागत नाहीत, ते सरळ जहाजाचा पंखाच फिरवते. आणि ते सुरू कसे करतात? हँडल मारायला तर कोणी राक्षस पाहिजे. टाक्यांमध्ये आधीच दाबून ठेवलेली हवा सिलिंडरमध्ये सोडतात. त्या हवेने दट्टे हलतात आणि मग तेल सोडतात. तेल पण साधे नसते, डांबरासारखे घट्ट असते. ते आधी गरम करून पातळ करावे लागते. पूर्ण जोरात चालवले तर तासाला साडेतेरा टनांच्या आसपास तेल खाते. तरीसुद्धा शंभरातल्या पन्नास भाग उष्णतेचे काम होते. डिझेलच्या पहिल्या इंजिनात २६ होते.

धूर होतो हे खरे. जहाजाच्या तेलात गंधक फार असायचे. १ जानेवारी २०२० पासून जगातल्या जहाजांना कमी गंधकाचेच तेल वापरायचा नियम झाला आहे. एम्मा मर्स्क आपल्याकडे येते असे मी म्हणत नाही. पण १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवाच्या बंदरात कंटेनरची जी मोठी जहाजे लागतात त्यांच्या पोटात अशीच, थोडी लहान, इंजिने असतात. रात्री खाडीवरून घरघर ऐकू येते. आधी मला भीती वाटायची. आता वाटत नाही, आत काय चाललंय ते माहीत आहे.

छोट्या इंजिनाचे काय झाले ते सांगायचे राहिले. जपानमध्ये यामाओका नावाच्या माणसाने १९३३ साली छोटे डिझेल इंजिन तयार करून दाखवले. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. पुढे १९५७ साली त्याने डिझेलची आठवण म्हणून ऑग्सबर्गच्या बागेत जपानहून आणलेले मोठमोठे दगड मांडून दिले. आपल्याकडे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला. मग विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर, उसाच्या गुऱ्हाळावर इंजिन आले.

आमचे आजोबा तरुणपणी शिडाच्या होडीने मासे धरायला जायचे. वारा पडला की वल्हे मारून हात सोलून निघायचे. वेळेत बंदराला लागले नाही की मासळी खराब व्हायची आणि फेकून द्यावी लागायची. नंतर चौघांनी मिळून कर्ज काढून मशीन घेतले. ते डिझेलचे होते. ते फेडायला सात वर्षे लागली. मी आजोबांना डिझेलची सगळी गोष्ट वाचून दाखवली. तो समुद्रात गेला हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की त्या बोटीवाल्यांनी त्याला परत पाण्यात का सोडले, काठाला का नाही आणले. मी सांगितले की समुद्र खवळलेला होता. आजोबांना ते पटले नाही.

शेजारच्या कागदावर मी इंजिनाचे चित्र काढले आहे. दट्ट्या लाल रंगाचा आहे, तो खरा लाल नसतो. दाबलेली हवा दाखवायला निळे ठिपके जवळजवळ काढले आहेत. तेलाचा फवारा पिवळा काढायचा होता पण पिवळा खडू संपला, म्हणून हिरवा काढला.